पुतळी माझ्याकडे

१० जानेवारी २००५, सोमवार

सरू आज गेली. गेली म्हणजे रोह्याला, ड्युटीवर. एवढं स्पष्ट लिहावं लागतंय, कारण सकाळपासून पाड्यातल्या बायका ज्या सुरात विचारपूस करतायत, त्यावरून कुणालाही वाटेल की बायको मला टाकून गेली.

एसटीत कंडक्टर म्हणून तिचं नाव लागलं तेव्हा पेढे मी स्वतः वाटले. पार वडखळच्या नाक्यापर्यंत जाऊन वाटले. तेव्हा डोक्यात एवढंच होतं की आपली बायको खाकी घालून घंटी मारणार. डेपो रोहा मिळाला, गाड्या पहाटेपासून सुटतात, म्हणून ती अष्टमीला तिच्या विमलबाई मावशीकडे राहणार आणि दर बुधवारी सुट्टीला घरी येणार, हे सगळं मागाहून कळत गेलं. चार वर्षांच्या पुतळीचं काय, हा विषय कुणी काढतच नव्हतं. सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की आमची आई सांभाळेल. आई म्हणाली, "माझा गुडघा गेलाय. मना पोरीमागं धावायला नाय जमायचं." आईचा गुडघा गेलाय हे मला तेव्हाच कळलं.

मग माझा मोठा भाऊ नाथादादा बोलला. घरातला कर्ता तो, आणि आम्ही दोघं ज्या मिठागरावर काम करतो तिथला मुकादमही तोच. म्हणाला, "मिठाचा हंगाम संपेपर्यंत बघू. जनू सांभाळतो तर सांभाळू दे. पोरीला काय झालं, तर सरूनं नोकरी सोडायची नि गुमान घरी यायचं." सगळ्यांनी माना हलवल्या. सरूनंही हलवली. मीसुद्धा हलवली. बारावीला दुसऱ्यांदा बसलो तेव्हाही एवढी धास्ती नव्हती.

ही डायरी विमा एजंटानं दिलेली. दुसरं काही लिहायला नाही, म्हणून हेच.

१३ जानेवारी

वेण्या हा प्रकार बायकांना जन्मतः येतो असं मी समजत होतो. सरूनं जाताना दोनदा करून दाखवलं होतं. तीन पेड, एक इकडून, एक तिकडून. होडीचा दोर वळता येतो मला, म्हटलं यात काय विशेष. पुतळीची एक वेणी कानाच्या वर आली आणि दुसरी मानेजवळ. परत सोडून बांधल्या, तर जागा बदलून तसंच झालं.

बालवाडीत गिरजाबाईंनी तिला बघितलं, मग मला बघितलं. "आई कुठाय हिची?" म्हणाल्या. गिरजाबाईंना पक्कं ठाऊक आहे सरू कुठे आहे ते. पेढा खाल्लाय त्यांनी.

२२ जानेवारी

बालवाडी सुटली की पुतळीला मिठागरावर नेतो. बांधावर जुनी छत्री रोवून दिली आहे. खाली पोतं, पाण्याची बाटली, चपटे दगड. मी मीठ ओढत असतो आणि ती दगडांना जेवायला वाढत असते. मध्येच ओरडून विचारते, "बाबा, तू हायस काय?" मी म्हणतो, "हाय." पुन्हा थोड्या वेळानं तेच. नाथादादा वैतागला. म्हणाला, "तू कामावर आयलास का हजेरी द्यायला?"

आईच्या गुडघ्याचं मला काही समजत नाही. पुतळीला न्हाऊ घाल म्हटलं की दुखतो, भरव म्हटलं की दुखतो. आज गावदेवीला नारळ फोडायला टेकडी चढून गेली आणि उतरताना डोक्यावर लाकडाची मोळी. विचारलं तर म्हणाली, "चढताना नाय दुखत." डॉक्टरला दाखवायला पाहिजे.

९ फेब्रुवारी, बुधवार

सरूची सुट्टी. पुतळी सुरुवातीला दाराआड उभी राहिली, नवी पाहुणी आल्यासारखी. मग सरूनं पिशवीतून रद्द झालेली रंगीत तिकिटं काढली आणि दोघींची एसटी सुरू झाली. आई प्रवासी झाली, इंदूवहिनी प्रवासी झाली. मला मात्र पुतळीनं ड्रायव्हर केलं आणि अजिबात हलू दिलं नाही.

जेवताना भात सरूनं कालवला तर पुतळी म्हणते, "असा नाय. बाबा करतो तसा." सरू हसली. मग भांडी घासायला बाहेर गेली ती बराच वेळ आली नाही. पहाटे उठून उठून दमत असेल.

१८ फेब्रुवारी

पुतळीला ताप. तिला खांद्यावर टाकून पेणला रामवाडीत डॉक्टरकडे नेली. डॉक्टर भला माणूस, पण पहिला प्रश्न तोच. "आई नाही आली?" औषध कसं द्यायचं ते सांगताना म्हणाला, "घरी गेल्यावर आईला सांगा, दिवसातून तीनदा." मी म्हटलं, "मलाच सांगा. तीनदा देणारा मीच आहे." जरा जोरात बोललो. बाहेर बाकावर बसलेल्या बायकांनी आत डोकावून बघितलं.

नाथादादा दाराशी उभा राहून म्हणाला, "डेपोत फोन लावू काय?" मी नको म्हटलं. आज फोन गेला तर उद्या सरू घरी, आणि परवा तिची खाकी ट्रंकेत. ताप पोरांना येतोच, सरू घरी असताना काय येत नव्हता? पण हे दादाला तोंडावर बोललो नाही. कामावर गेलो नाही, दिवसभर ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसत बसलो.

आईनं तिची वाकळ आमच्या दारात आणून टाकली आहे. म्हणे तिथे वारा लागतो. फेब्रुवारीत हिला वारा कशाला हवा?

२० फेब्रुवारी

ताप उतरला. पुतळीनं अंडं मागितलं. मी दोन दिली. आई वाकळ घेऊन आपल्या जागी गेली.

१४ मार्च

एक गोष्ट सलते ती लिहितो. हल्ली उन्हं चढली आहेत म्हणून दुपारनंतर पुतळीला मिठागरावर नेत नाही, वहिनीच्या पोरांत खेळते. पण दिवस कलला की खेळ सोडून उंबऱ्यावर येऊन बसते. गुडघ्यांवर हात, तोंड मिठागराच्या वाटेकडे. मी परतताना लांबूनच दिसते. वहिनी सांगते की हाक मारली तरी उठत नाही.

आईची वाट बघत असते बिचारी. सरूची गाडी हायवेनं जाते आणि हायवे घराच्या मागच्या अंगाला आहे, पण एवढ्या पोराला दिशेचं काय कळतं. मी आलो की उठून आत येते. बहुतेक कंटाळून.

किराणावाल्याच्या फोनवर सरूचा फोन येतो तेव्हा हे तिला सांगत नाही. तिला लागेल.

२७ एप्रिल, बुधवार

सरू आज अचानक म्हणाली, "सोडू काय रे मी नोकरी?"

मी पुतळीच्या वेण्या घालत होतो. आता बऱ्या येतात, फक्त एक वर आणि एक खाली हे काही जात नाही. म्हटलं, "कुणी काय बोललं काय? प्रवासी भांडला?" म्हणाली, "नाय. गाडीत मना कुणी नाय हरवत. सुट्टे पैसे मागून घेते मी, भांडणाऱ्याला उतरवते. पण घरी आयले का मना कायच येत नाय असं वाटतं. पोरगी पाणीसुद्धा तुझ्याकडं मागते."

मी म्हटलं, "मी जवळ असतो म्हणून मागते. लांबचा माणूस असता तर त्याच्याकडं कशी मागेल?" हे तिला धीर द्यायला बोललो होतो. चेहऱ्यावरून वाटलं की उलटंच झालं. मग सरळ सांगितलं, "तू सोडू नको. दादा, आई, सगळे सोड म्हणाले तरी नको. तू गाडीच्या दारात उभी राहिलीस ना, का मना लय बरं वाटतं." संध्याकाळी निघताना तिनं पुतळीचा पापा घेतला आणि स्वतः भरलेला जेवणाचा डबा माझ्या हातात दिला. नेहमी मी तिच्या हातात देतो.

१५ मे

हंगाम संपत आला. दादा खुशीत आहे. पुढच्या रविवारी सगळ्या घरानं नागोठण्याच्या अलीकडे नवं वॉटर पार्क झालंय तिथे जायचं ठरलं. टेम्पो सांगितला. वहिनीचा रघू चार दिवसांपासून अंगणात तोंडानं पाण्याचे आवाज काढतोय. सरूला रविवारी ड्युटी आहे, तिला जमणार नाही. रोहा-पेण गाडी त्याच रस्त्यानं जाते. म्हणाली, "गाडीतून टाटा करीन."

आई येणार आहे. गुडघ्याबद्दल कुणी विचारलं नाही.

२३ मे, सोमवार

कालचं आज लिहितोय. काल लिहायला जमलं नाही.

आत शिरलो तर अर्धा रायगड जिल्हा तिथे. आधी सगळ्यांना भाड्याचे कपडे घालायला लावले. मोठ्या बाप्यांना पिवळी चड्डी, पोरांना पिवळा पोशाख लाल पट्टीचा. पुतळी घालून आली आणि दहा पावलांवर मला ओळखू येईना, कारण तशीच आणखी शंभर पोरं इकडून तिकडे पळत होती. तेव्हा मला हसू आलं होतं.

लहानांचं उथळ पाणी वेगळं आहे. मध्ये सिमेंटचा हत्ती सोंडेतून पाणी मारतो. पुतळी तिथे रमली. इंदूवहिनी काठावर साडी वर खोचून पाय पाण्यात सोडून बसली होती. रघू माझा हात ओढत होता, "काका, मोठ्या घसरगुंडीवर चल." मला जायचं होतं. लपवण्यात अर्थ नाही, रघूपेक्षा मलाच जास्त जायचं होतं. मी वहिनीला ओरडून सांगितलं, "पुतळीला बघ गो." वहिनीनं हात हलवला. मी गेलो.

आमच्या पाड्यात एवढंच पुरतं. 'बघ गो' म्हटलं की ज्याच्या कानावर पडलं तो बघतो, कुणाच्याच कानावर पडलं नाही तरी कुणीतरी बघतोच. पोर एका घरात जेवतं, दुसऱ्या घरात झोपतं, तिन्हीसांजेला कुणीतरी आणून सोडतं. मी घसरगुंडीवरून खाली आलो, नाकात पाणी गेलं, मजा आली म्हणून पुन्हा वर गेलो.

परत आलो तर वहिनी एकटी. मी विचारायच्या आधी तीच म्हणाली, "पुतळी कंय? तुझ्यासंगं गेली ना?"

तिनं हात हलवला होता तो 'जा, जा' म्हणून. दादाला वाटत होतं पोर आईपाशी आहे. आईला वाटत होतं पोर वहिनीपाशी आहे. बारा माणसं आम्ही घरची, आणि पोर कुणाकडेच नाही.

मग मी काय केलं ते नीट क्रमानं आठवत नाही. पिवळा पोशाख दिसला की खांदा धरून वळवायचो. एका बाईनं मला हाणायला चप्पल काढली. पलीकडे लाटांचं पाणी होतं, मोठ्या माणसाच्या छातीइतकं खोल. तिथल्या शिट्टीवाल्या मुलाला मी काय सांगितलं देव जाणे, पण त्यानं शिट्टी फुंकून सगळ्यांना बाहेर काढलं आणि लाटा बंद केल्या. पाणी थरथरत थरथरत शांत झालं. तळाच्या निळ्या फरश्या दिसायला लागल्या. मी काठावर ओणवा होऊन एकेक फरशी बघितली. काही नव्हतं. तिथेच बसून मी रडलो, आणि बरं वाटलं.

ऑफिसात एक साहेब. त्याच्या मागच्या भिंतीवर पाटी, मुलांची जबाबदारी पालकांची. त्यानं आधी पाटीकडे बोट केलं आणि मग विचारलं, "मुलीची आई कुठे आहे?"

"ड्युटीवर."

"मग आईशिवाय एवढ्या लहान मुलीला आणलंत कशाला?"

मी टेबलावर हात आपटला. त्याचा चहा सांडला. म्हटलं, "बाप आलाय ना बरोबर. बापाकडून हरवलीय, बापाला विचारा. पिवळा पोशाख सगळ्यांनाच हाय, तो सोडा. दोन वेण्या. एक वर, एक खाली. तशी दुसरी कंयच दिसायची नाय, मी घातल्यात त्या." त्यानं मुकाट्यानं माइकवर तसंच्या तसं सांगितलं. एक वर, एक खाली.

दादा मागून आला. तोंड उतरलं होतं त्याचं, पण बोलला तेच. "डेपोत फोन लाव, जनू. आता सरूला सांगायलाच पायजे. ठरलं होतं आपलं."

"आधी पोर," मी म्हटलं. "मग फोन."

दादाला उलटून बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ. तेव्हा ते ध्यानातही आलं नाही, कारण तेवढ्यात गेटावर पिशव्या तपासणारी बाई पळत आली. माइकवरचं ऐकून आली होती. "एक वर, एक खाली?" म्हणाली. "अवो, ती तर मघाशीच माझ्याकडं आयली. आपल्या पायांनी चालत. मी इचारलं, आई कुठाय गो तुझी? तर बोलली, एसटीत. कंच्या एसटीत? तर बोलली, रोह्याच्या. मना वाटलं बाई पोरीला इसरून गाडीत बसली. म्हणून वॉचमनसंगं पाठवली थांब्यावर, गाड्या बघायला."

"आणि बाबा कुठाय ते नाय विचारलं?"

बाईनं माझ्याकडे असं बघितलं की मी वेडाच आहे. "बाबाचं काय इचारायचं?" म्हणाली.

मी पळालो. पिवळ्या भाड्याच्या चड्डीत, उघडा, अनवाणी. मे महिन्यातला डांबरी रस्ता. तळपायांना फोड आलेत ते आज दिसले, काल काही कळलं नाही.

थांब्यावर म्हातारा वॉचमन उभा होता, हातात लाल रुमाल. येईल त्या एसटीला रुमाल दाखवायचा आणि ड्रायव्हरला विचारायचा, "कुनाची पोर राह्यलीय काय?" त्याच्या स्टुलावर पुतळी बसली होती, मांडीवर शेंगा घेऊन. मला बघून ती दचकली नाही, रडली नाही. वॉचमनला म्हणाली, "ह्यो बघा. सापडला."

मग माझ्याकडे वळून, "कंय गेलेलास? मी सगळीकडं बघितलं."

वॉचमन म्हणाला, "तुम्ही बाप काय? ही मना सारखी सांगत होती, आई ड्युटीवर हाय, बाबा हरवलाय. मना वाटलं ल्हान पोर, कायतरी बोलतंय."

मी तिला उचलली. ओल्या अंगाला शेंगांची टरफलं चिकटली. ती मला समजावत होती की हरवलं तर एका जागी उभं राहायचं, गिरजाबाईंनी सांगितलंय.

तेवढ्यात वॉचमननं सवयीनं पुन्हा रुमाल हलवला आणि रोह्याहून आलेली गाडी थांबली. दारात सरू. खाकी, खांद्याला बॅग. टाटा करायला हात वर केलेला, तो तसाच राहिला.

"काय झायलं?"

खिडक्यांतून सगळी गाडी बघत होती. खोटं तयार होतं माझ्याकडे. तुला बघायला आलो थांब्यावर, एवढंच म्हणायचं होतं. तिला पटलंही असतं. पण तिच्या तोंडाकडे बघून ते जिभेवरून मागे गेलं.

"हरवली होती," मी म्हटलं. "माझ्याकडून. आता सापडली."

सरू खाली उतरली. "ये गो माझ्याकडं," म्हणाली. "चल, गाडीत बस. पेणला जाऊन येऊ." ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला, मग वळून बघितलं आणि पुन्हा वाजवला नाही.

पुतळी माझ्या कडेवरून उतरली. मला वाटलं गेली. ती माझ्या पायामागे गेली, पिवळी चड्डी घट्ट धरली आणि म्हणाली, "तू जा ड्युटीवर. आमची घसरगुंडी राह्यलीय." सरू तरी हात पुढे करून उभी. तर तिलाच धीर दिल्यासारखं म्हणाली, "बाबा हाय ना. मी बघते त्याला. घंटी मार तू."

सरूनं माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले, आणि ती हसत होती. मग गाडीत चढली, "चला, पुढं सरका, दारात गर्दी करू नका," असं नेहमीच्या आवाजात म्हणाली आणि डबल बेल मारली. गाडी वळणापर्यंत जाईस्तोवर दारात उभी राहून डोळे पुसत होती.

पुतळीला घसरगुंडीचं भारीच वेड. सख्खी आई समोर उभी, आणि हिला घसरगुंडी सुचते. सरूला वाईट वाटलं असणार. बुधवारी समजूत काढली पाहिजे.

आम्ही परत आत गेलो आणि घसरगुंडीवर बसलो, ती माझ्या मांडीत. दोघांच्याही नाकात पाणी गेलं.

२५ मे, बुधवार

सरू सकाळी आली. दोन दिवस घरात कुणी कुणाशी नीट बोललं नव्हतं. जेवणं झाल्यावर दादानं सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. हंगाम संपला होता, बोलण्याचा दिवस आलाच होता.

दादा वाईट माणूस नाही हे मला लिहून ठेवलं पाहिजे. पार्कात तो माझ्याइतकाच फिरला, हत्तीमागच्या गटारात हात घालून बघितलं त्यानं. पण शब्द म्हणजे शब्द. म्हणाला, "जानेवारीत काय ठरलं ते सगळ्यांना ठावं हाय. मी एकटा नाय बोललो, सगळ्यांनी मान हलवलेली. पोर हरवली. देवाच्या कृपेनं मिळाली. पुन्हा असं नको. सरू, तू आता घरी ये."

सरू खाली बघत होती. तिचा आवाज ऐकू येईना इतका बारीक. "दादा बोलतात ते ठरलेलंच हाय. मी डेपोत सांगते."

आधी आई बोलली. "नाथा, तू पाच वर्षांचा असताना पेणला गणपतीच्या कारखान्यात हरवलास, तवा मी कंच्या नोकरीला होते? तुझा हात माझ्या हातात होता. मूर्ती बघता बघता सुटला. कच्च्या गणपतीच्या मागं झोपलेला मिळालास. तवा तुझा बाप मना काय बोलला ठावं हाय? काय नाय बोलला. खांद्यावर घेतला नि घरी आणला."

"ते निराळं," दादा म्हणाला.

"काय निराळं?" ही वहिनी. वहिनी दादासमोर सहसा बोलत नाही. "मी हात हलवला नि पोर बघितली नाय. तुमी जिलेबी खात होतात. मग मी घर सोडू काय? तुमी मिठागर सोडता काय? हरवली ती आपल्या सगळ्यांच्यातून. नि नोकरी एकट्या सरूची जायची?"

दादा माझ्याकडे वळला. बहुधा मी मान हलवेन असं त्याला वाटलं असावं. जानेवारीत हलवलीच होती.

मी उभा राहिलो. तळपायाचे फोड ठणकत होते. म्हटलं, "दादा, ठरवताना मीबी मान हलवली, ती माझी चूक. पोर माझी हाय. सरू घरात नाय म्हणून माझ्याकडं ठेवलेली नाय, माझीच हाय. हरवली ती मी हरवली, नि शोधली ती मी शोधली. पुन्हा काय झालं तर मना विचार, मना बोल, मना मार. सरूला कायेक विचारायचं नाय. ती उद्या ड्युटीवर जाईल, परवाबी जाईल."

"नि हंगाम संपला त्याचं काय?"

"हंगाम मिठाचा संपला."

आई पदरात तोंड लपवून बसली होती. मला वाटलं रडतेय. जवळून बघितलं तर हसत होती, आणि मी बघतोय हे कळल्यावर गुडघा चोळायला लागली.

दादा बराच वेळ तंबाखू मळत बसला. शेवटी उठला, चपला घातल्या आणि अंगणातून म्हणाला, "पावसात नाक्यापर्यंत चालत जाऊ नको, सरू. माझी मोटारसायकल ने. जनूला चालवायला लाव." आणि गेला. सरूनं माझ्याकडे बघितलं. तिनं नुसता माझा हात धरला आणि सगळ्यांसमोर तसाच धरून ठेवला. पाड्यात असं कुणी करत नाही.

नंतर ती पुतळीला न्हाऊ घालायला मागल्या दारी गेली. साबण डोळ्यांत गेल्याबद्दल दोघींचं भांडण ऐकू येत होतं. मी तिच्या पिशवीतून खाकी ड्रेस काढला. आतल्या खोलीत इस्त्री करता आली असती, पण टेबल ओसरीवर आणून मांडलं, वायर खिडकीतून ओढून घेतली. पाण्याला जाणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. वहिनीनं मधली पायरी अडवून बसून घेतलं, म्हणजे मध्ये कुणी येणार नाही आणि त्यांना नीट दिसेल. मी कॉलर केली, मग बाह्या, मग खिशावर जिथे बिल्ला लागतो ती जागा दोनदा केली. उद्या पहाटेची पहिली गाडी तिची आहे.